शब्दांवाचूनचे संगीत : पिंक फ्लॉइडच्या इतिहासातील एक धागा

ग्रामोफोनच्या तबकडीच्या मध्यभागी जो गोल कागद चिकटविलेला असतो, त्याच्याकडे ऐकणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. तबकडी फिरू लागली की त्यावरची अक्षरे पुसट होतात आणि कान संगीताकडे लागतात. गाण्याच्या नावाखाली कंसात, बारीक टाइपात, एकदोन किंवा क्वचित चारपाच नावे छापलेली असतात. रचना कोणाची, याचा तो दाखला होय. त्या नावांप्रमाणे उत्पन्नाची वाटणी होते आणि पुढे वाद निघाला तर न्यायालयापुढे तोच दाखला जातो. इंग्लंडच्या पिंक फ्लॉइड या संचाचा इतिहास पुष्कळांनी पुष्कळ तऱ्हांनी सांगितला आहे. तथापि नुसती ही कंसांतील नावे क्रमाने वाचीत गेले तरी तो बराचसा उलगडतो. त्यात एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. ज्या रचनांत शब्द नाहीत तेथे बहुधा नावे अधिक आहेत. आणि शब्द जसजसे वाढत गेले तसतशी नावे कमी होत गेली.

बँड म्हटले की आपल्याकडे वरातीपुढचा बँड डोळ्यांसमोर येतो. येथे तो अर्थ नव्हे. विजेवर चालणाऱ्या गिटारी, बेस गिटार, ड्रम आणि ऑर्गन घेऊन चारपाच तरुणांनी उभा केलेला संच, इतकाच येथे अर्थ. अशा संचांचे गाणे १९६० च्या सुमारास एका ठरावीक घाटात बसलेले होते. तीन मिनिटांचा अवधी, दोनतीन कडवी, पुन्हापुन्हा येणारे धृपद आणि मध्ये गिटारचा एखादा तुकडा. केवळ वाद्यांवर वाजविलेल्या रचना त्यापूर्वीही लोकप्रिय झाल्या होत्या. द शॅडोज या इंग्रजी संचाची ‘अपाची’ १९६० साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. पण तीही गाता येईल अशी चालच होती. गायकाच्या जागी गिटार उभी केली होती, एवढेच. त्या दशकाच्या अखेरीस किंग क्रिमझन, येस, जेनेसिस यांसारख्या संचांनी हा घाट मोडला. तबकडीची एक संपूर्ण बाजू, म्हणजे वीसबावीस मिनिटे, एकाच रचनेला देण्याची प्रथा पडली. या प्रवाहाला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ हे नाव मिळाले. पिंक फ्लॉइडची गणना त्यातच होते, पण या संचाची वाट थोडी निराळी होती. येस किंवा जेनेसिस यांच्या वादनात बोटांच्या तयारीला मान होता. पिंक फ्लॉइडच्या मंडळींपाशी तशी तयारी आरंभी नव्हती, आणि त्यांना तिचे फारसे वैषम्यही वाटत नसे.

रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट हे तिघे लंडनच्या रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमधील वास्तुशास्त्राचे विद्यार्थी. चौथा सिड बॅरेट, चित्रकलेचा विद्यार्थी, वॉटर्सप्रमाणेच केंब्रिजचा. १९६५ साली संच आकाराला आला, तेव्हा अमेरिकन निग्रो ब्लूजगायकांची गाणी वाजविण्यापलीकडे त्याची मजल नव्हती. केन्सिंग्टनमधील एका क्लबात त्यांना रात्री उशिरापर्यंत नव्वद नव्वद मिनिटांच्या तीन बैठका वाजवाव्या लागत. येणारी गाणी थोडी आणि रात्र मोठी. तेव्हा एकेका गाण्याच्या पोटात लांबलचक वादन घालून वेळ भरण्याची युक्ती त्यांना सुचली. पुढे ज्याचा एवढा गौरव झाला त्या विस्ताराचे मूळ अशा रीतीने निकडीत आहे.

१९६६ च्या हिवाळ्यात नॉटिंग हिलमधील चर्चच्या सभागृहात आणि नंतर यूएफओ नावाच्या क्लबात, रंगीत तेलांच्या हलत्या छायांखाली, ही युक्ती शैली झाली. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ही तिची पहिली मोठी खूण. तिचा जन्म असा झाला : संचाचे व्यवस्थापक पीटर जेनर यांनी एका अमेरिकन गाण्याची चाल बॅरेटला गुणगुणून दाखविली. जेनरांचे सुरांचे अंग यथातथाच होते. बॅरेटने जे ऐकू आले ते गिटारवर काढले, आणि त्यातून एक उतरती, आडदांड स्वरावली निघाली. ती स्वरावली आरंभी एकदा आणि शेवटी एकदा. मधल्या अवकाशात चौघांनी वाटेल तेथे जावे. ऑगस्ट १९६७ मध्ये निघालेल्या पहिल्या मोठ्या तबकडीवर ही रचना साडेनऊ मिनिटांहून अधिक चालते. या तबकडीवर अकरा रचना आहेत. त्यांतील आठांवर एकट्या बॅरेटचे नाव आहे आणि एकीवर एकट्या वॉटर्सचे. चौघांची नावे फक्त दोन रचनांवर आहेत, आणि त्या दोन्ही शब्दविरहित आहेत.

बॅरेट हा त्या संचाचा कवी होता. पण १९६७ सालच्या अखेरीस त्याचे मन ढळू लागले. रंगमंचावर तो एकच स्वर धरून उभा राही, किंवा काहीच वाजवीत नसे. मदतीला त्याचा केंब्रिजचा मित्र डेव्हिड गिलमोर आणला गेला, आणि १९६८ च्या वसंतापर्यंत बॅरेट संचाबाहेर गेला. व्यवस्थापक जेनरही त्याच्याबरोबर गेले. कारण कवी गेल्यावर उरलेल्यांत राहिले काय, असेच त्यांना वाटले. उरलेल्या चौघांना गीते लिहिता येत नव्हती असे नाही, पण बॅरेटच्या तोडीची कोणाचीच नव्हती. या अडचणीतून त्यांना शब्दांवाचूनच्या संगीताने तारले.

१९६८ मधील ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ ही जवळजवळ बारा मिनिटांची रचना याची साक्ष आहे. स्वरलिपी कोणालाच लिहिता येत नव्हती. तेव्हा वॉटर्स आणि मेसन यांनी इमारतीचा आराखडा काढावा तसा कागदावर आराखडा काढला : येथे उंचवटा, येथे उतार, येथे शिखर. त्या नकाशावरून संगीत बांधले गेले. आरंभी अगदी जवळून टिपलेला झांजेचा धूसर नाद, मग फिरत राहणारा ड्रमचा तोच तो आघात, त्यावर मायक्रोफोनच्या स्टँडचा पाय घासून काढलेले गिटारचे चीत्कार, आणि हा सारा गोंधळ शमल्यावर राइटचा गंभीर ऑर्गन व मानवी कंठांचा निःशब्द समूहस्वर. स्थापत्याचे शिक्षण अर्धवट राहिले, पण ते वाया गेले नाही, असे ही रचना ऐकताना वाटते. तबकडीवर नावे चार : वॉटर्स, राइट, मेसन, गिलमोर.

नुसते शब्द काढून टाकले की हे साधते असे मात्र नव्हे. १९६९ च्या ‘उमागुमा’ या जोडतबकडीच्या एका भागात चौघांनी आपापली स्वतंत्र वाटणी करून घेतली. राइटने चार भागांची एक जड पियानोरचना केली. मेसनने पत्नीच्या बासरीसह तालवाद्यांचा एक प्रयोग केला. संचातल्यांनीच पुढे या उद्योगाची थट्टा केली आहे, आणि ती अनाठायी नाही. एकट्याने वाजविलेल्या त्या शब्दहीन रचना आज केवळ अभ्यासकच ऐकतात. त्याच साली जुलैमध्ये मानवाने चंद्रावर पाऊल ठेवले, तेव्हा बीबीसीच्या स्टुडिओत हेच चौघे एकत्र बसून त्या प्रक्षेपणासाठी आयत्या वेळी सुचेल तसे वाजवीत होते. तेथे मात्र ते आपल्या घरी होते.

पुढच्याच वर्षीच्या ‘ॲटम हार्ट मदर’ने तबकडीची पूर्ण बाजू व्यापली. ही रचना पावणेचोवीस मिनिटांची. ईएमआय कंपनीने नुकत्याच आणलेल्या आठ मार्गांच्या रुंद टेपची कापाकापी करण्यास मनाई होती. म्हणून वॉटर्स आणि मेसन यांना बेस आणि ड्रम यांचा सबंध पाया एका दमात वाजवावा लागला. परिणामी लय कोठे सैल पडली, कोठे पुढे धावली. त्या डगमगत्या पायावर रॉन गीसिन या स्कॉटिश संगीतकाराने पितळी वाद्यांचे आणि समूहगायकांचे भाग लिहून चढविले. स्टुडिओतील मुरलेल्या वादकांशी गीसिनचे जमेना; तेव्हा दंड गायकवृंदाचे प्रमुख जॉन ॲल्डिस यांच्या हाती देण्यात आला. नावही आयत्या वेळचे. अणुशक्तीवर चालणारे यंत्र हृदयात बसविलेल्या एका स्त्रीची बातमी वर्तमानपत्रात होती, तिच्या मथळ्यावरून ते घेतले. या तबकडीने संचाला ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच अग्रस्थान मिळवून दिले, पण गिलमोरने नंतर तिला नावेच ठेवली. कंसात या वेळी पाच नावे आहेत. गीसिनचे नाव तेथे आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण तीनच वर्षांनी दुसऱ्या एका व्यक्तीच्या बाबतीत तसे घडले नाही.

मधल्या काळात, १९७१ साली, ‘एकोज’ झाले. जानेवारीत स्टुडिओत आले तेव्हा त्यांच्यापाशी काहीच तयार नव्हते. सुचेल तो तुकडा मुद्रित करायचा आणि त्याला ‘नथिंग’ म्हणून क्रमांक द्यायचा, असा क्रम सुरू झाला. त्या दोन डझन ‘काही नाही’ तुकड्यांत राइटच्या पियानोचा एक स्वर होता. तो फिरत्या ध्वनिक्षेपकातून काढल्याने पाणबुडीच्या संकेतध्वनीसारखा खोलवरून येई. त्या एका स्वरावर साडेतेवीस मिनिटांची रचना उभी राहिली. तिला शब्द आहेत, पण थोडे. आणि ते गिलमोर व राइट यांनी मिळून म्हटले आहेत. मधोमध लय संपूर्ण थांबते आणि समुद्रपक्ष्यांच्या आक्रोशासारखे काही ऐकू येते. गिटारचा वाह पेडल उलटा जोडला गेल्यामुळे निघालेला तो आवाज आहे. त्या साली ऑक्टोबरमध्ये पाँपेईच्या ओसाड रोमन रंगमंडलात, एकही प्रेक्षक नसताना, त्यांनी हे संगीत चित्रपटासाठी वाजविले. तीनमिनिटी गीतांना लागणारी टाळ्यांची गरज या संगीताला नव्हती, हे त्या चित्रपटात उघड दिसते.

मार्च १९७३ मध्ये ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आली. तिच्यावरील सर्व गीतशब्द प्रथमच एकट्या वॉटर्सचे होते, आणि ते नेमके व मर्मभेदक होते. पैसा, काळ, भय, वेड हे विषय सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत मांडले गेले, आणि तबकडी अमेरिकेतील विक्रीच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे राहिली. तरीही दहांपैकी चार रचनांत गायिलेला शब्द नाही. कोठे बोललेली तुटक वाक्ये आहेत, इतकेच. ‘ऑन द रन’ ही विमानप्रवासाच्या धास्तीची रचना पूर्वी गिटारवर वाजविली जाई. नव्या सिंथेसायझरवर आठ स्वर टिपून ते यंत्राकडून भरधाव फिरविल्यावर तिचे रूप पालटले. ‘एनी कलर यू लाइक’वर गिलमोर, मेसन आणि राइट अशी तीन नावे आहेत, वॉटर्सचे नाही.

राहिली ‘द ग्रेट गिग इन द स्काय’. राइटने मृत्यूवर बांधलेली ही स्वरसंगती. १९७२ च्या कार्यक्रमांत तिच्यावर बायबलमधील वाचनाचे तुकडे लावीत; ते कोणालाच समाधानकारक वाटेना. जानेवारी १९७३ मधील एका रविवारी ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाच्या सूचनेवरून क्लेअर टॉरी ही पंचविशीतली गायिका बोलावली गेली. शब्द नकोत, एवढेच तिला सांगण्यात आले. आपण एक वाद्य आहोत असे समजून तिने गायिले. आक्रोश, विनवणी, थकवा आणि शेवटी शरणागती. दोनतीन खेपांत काम आटोपले. आपण भलतेच काही केले, हे ते वापरणार नाहीत, असे वाटून ती घरी गेली, आणि तबकडीवर आपले नाव दुकानात पाहिले तेव्हा तिला ते कळले. रविवारचा दुप्पट दर धरून तिला तीस पौंड मिळाले. नाव होते, पण गायिका म्हणून. रचनेच्या कंसात केवळ राइट.

आपल्याकडील श्रोत्याला यातील अन्याय लवकर उमगेल. बंदिशीचा कर्ता एक आणि ती आलापातून उभी करणारा दुसरा असला, तर मैफल कोणाची, हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. आणि मैफल गाणाऱ्याची, असेच आपण म्हणत आलो. पाश्चात्त्य कायद्याची बैठक मात्र लिहिलेल्या स्वरांवर आणि शब्दांवर आहे. जे लिहिले नव्हते, आयत्या वेळी कंठातून निघाले, ते रचना की नोकरी? टॉरीने २००४ साली दावा लावला. २००५ मध्ये न्यायालयाबाहेर समझोता झाला, आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर कंसात राइट आणि टॉरी अशी दोन नावे छापली जातात. बत्तीस वर्षे लागली.

एवढ्या यशानंतर पुढे काय करावे हे कोणालाच सुचेना. रबराचे पट्टे, बाटल्या, पाण्याने भरलेले काचेचे पेले अशा घरगुती वस्तूंवर एक सबंध तबकडी वाजवावी असा उद्योग काही आठवडे चालला आणि सोडून दिला गेला. त्यातील पेल्यांचा नाद तेवढा १९७५ च्या ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’च्या आरंभी शिल्लक राहिला. ही रचना नऊ भागांची, सुमारे सव्वीस मिनिटांची, तबकडीच्या दोन टोकांना विभागलेली. तंबोऱ्यासारखा एकच आधारस्वर बराच वेळ भरून राहतो; त्यावर सिंथेसायझर आणि मग गिटार संथपणे फिरू लागतात. चौथ्या मिनिटाच्या आसपास गिटारचे चार स्वर सुटे, एकटे येतात. गिलमोरला ते सहज सुचले होते. वॉटर्सला त्यांत हरवलेल्या बॅरेटची आठवण झाली, आणि रचनेचा विषय ठरला. पहिला शब्द येतो तो साडेआठ मिनिटे उलटल्यावर. शब्द येण्यापूर्वीच बहुतेक सर्व सांगून झालेले असते. शब्द फक्त नाव घेतात.

त्या जूनमध्ये, काम चालू असता, एक जाड, डोके आणि भुवया भादरलेला मनुष्य स्टुडिओत येऊन बसला. कोणी त्याला ओळखले नाही. तो बॅरेट होता. ओळख पटल्यावर त्याच्या जुन्या सोबत्यांना रडू आवरले नाही. बॅरेट पुढे केंब्रिजला एकांतात राहिला आणि २००६ साली वारला. ‘शाइन ऑन’चा शेवटचा, नववा भाग पूर्णपणे वाद्यांचा आहे आणि त्याच्या कंसात एकट्या राइटचे नाव आहे. अगदी अखेरीस, नाद विरत असताना, राइटच्या सिंथेसायझरवर १९६७ मधील बॅरेटच्या ‘सी एमिली प्ले’ या गाण्याची एक ओळ ओझरती वाजते आणि नाहीशी होते.

यापुढील हकीकत थोडक्यात सांगता येते, कारण आपल्या विषयापुरते तीत थोडेच आहे. १९७७ च्या ‘ॲनिमल्स’वर राइटचे नाव कोठेच नाही. १९७९ च्या ‘द वॉल’वर सव्वीस रचना, बहुतेकांवर वॉटर्स. त्याच सुमारास राइटला संचातून काढण्यात आले आणि त्या कार्यक्रमांपुरते पगारी वादक म्हणून ठेवण्यात आले. कार्यक्रम तोट्यात गेले. तोटा तिघा मालकांनी सोसला आणि पगारदार राइट तेवढा फायद्यात राहिला. १९८३ च्या ‘द फायनल कट’मध्ये राइट नाही, एकही वाद्यरचना नाही, आणि सर्व रचनांखाली नाव एकच. वॉटर्सवर याचा सारा दोष लादणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. इतरांची विहीर आटली होती. राइटच्या हातून त्या काळात काही निघत नव्हते, हे त्याच्या मित्रांनीही सांगितले आहे. शिवाय वॉटर्सला युद्धात मारल्या गेलेल्या पित्याबद्दल बोलायचे होते, आणि त्याला वाद्यांचा मोघमपणा पुरेसा नव्हता. ते बोलणे मोलाचे होते. पण ते एकट्याचे होते, आणि एकट्याच्या बोलण्यात इतरांना साथ करण्यापलीकडे काम उरत नाही.

१९८५ च्या डिसेंबरात वॉटर्स बाहेर पडला. संचाच्या नावावरून झालेला वाद १९८७ अखेर मिटला. त्या वर्षीच्या तबकडीचा आरंभ टेम्स नदीवर चाललेल्या वल्ह्यांच्या आवाजाने, एका वाद्यरचनेने होतो. पण ती गिलमोरने आणि निर्मात्याने बांधलेली आहे. ती सुबक असली तरी तीत संवाद नाही. तो पुन्हा सुरू झाला जानेवारी १९९३ मध्ये, जेव्हा गिलमोर, मेसन आणि राइट पुन्हा एका खोलीत बसून काहीही न ठरविता वाजवू लागले. निघालेल्या तुकड्यांतून निवड करण्यासाठी गुण द्यावयाचे ठरले. तेव्हा राइटने आपल्या तुकड्यांना पैकीच्या पैकी आणि इतरांच्यांना शून्य दिले, अशी आठवण संचातल्यांनीच सांगितली आहे. इतकी वर्षे गप्प बसविलेल्या माणसाला हा हट्ट माफ करावा. १९९४ च्या ‘द डिव्हिजन बेल’वर त्याचे नाव पाच ठिकाणी आले, संचाच्या तबकडीवर ते १९७५ नंतर प्रथमच येत होते. त्यांतील ‘मरूंड’ या गिलमोर व राइट यांच्या शब्दविरहित रचनेला १९९५ चा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एवढ्या कीर्तीच्या संचाला मिळालेला तो एकमेव ग्रॅमी.

१९९३ च्या त्या बैठकांतील तासन्‌तासांचे मुद्रण न वापरता पडून होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी राइट वारला. काही वर्षांनी गिलमोर आणि मेसन यांनी त्या टेपा पुन्हा काढल्या, त्यावर आपले नवे वादन चढविले, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘द एंडलेस रिव्हर’ ही अखेरची तबकडी प्रसिद्ध केली. अठरा रचनांपैकी गीत म्हणावे असे एकच आहे, तेही शेवटी. कित्येक समीक्षकांना हे संगीत जुन्याचीच उजळणी वाटले, आणि तसे ते आहेही. पण तिच्या मध्यावर दीड मिनिटाचा एक तुकडा आहे, ‘ऑटम सिक्स्टी एट’ नावाचा. जून १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रचंड पाइप ऑर्गनवर बसून पंचवीस वर्षांच्या राइटने जे वाजविले होते, ते टेपवर राहून गेले होते. पंचेचाळीस वर्षांनी ते तेथे बसविण्यात आले आहे. कंसात एकच नाव आहे : राइट.